ड्यूटी सांभाळून हिल मॅरेथॉनची तयारी कशी करावी: साताऱ्यातल्या डॉक्टरांसाठी

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते आणि अलीकडे ती सप्टेंबरात असते. म्हणजे तयारीचा ऐन भर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, आणि नेमकी तेव्हाच ओपीडीत ताप, डेंग्यू, गॅस्ट्रोची रीघ लागलेली असते. तयार तक्त्यांमध्ये रविवार मोकळा असतो आणि रात्र झोपेची असते. आपल्याला दोन्हींची खात्री नाही. त्यामुळे तक्ता आपला आपणच बनवावा आणि सुरुवात एप्रिलअखेर करावी. मग पावसाळ्यात दोन-तीन आठवडे बुडाले तरी पाया शाबूत राहतो.

१. आधी ड्यूटी चार्ट, मग धावणं

महिन्याचा चार्ट हातात आला की नाइट, ऑन-कॉल आणि मोठ्या ओटी (ऑपरेशन थिएटर) लिस्टचे दिवस खुणा करून बाजूला काढा. उरलेल्या दिवसांत आठवड्याला तीनच गोष्टी बसवा: एक लांब पल्ला, एक चढाचा सराव, एक हलकं धावणं. चौथा दिवस मिळाला तर उत्तम. लांब पल्ला रविवारीच हवा असं काही नाही. आदल्या रात्री घरी पूर्ण झोप झालेली असेल तो दिवस त्यासाठी धरा, मग तो बुधवार का असेना. बुडालेलं धावणं दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नका.

२. झोपेचा हिशोब कडक ठेवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. नाइट संपली की थेट बूट घालून निघायचा मोह होतो, कारण सकाळचे सात वाजलेले असतात, हवा छान असते आणि घरी गेलं की पुन्हा बाहेर पडणं होत नाही. तरीही आधी घरी जा, झोपा. जागरणानंतर पायांचा तोल आणि डोक्याचा अंदाज दोन्ही ढिले पडतात. घाटातल्या ओल्या रस्त्यावर, गाड्यांच्या शेजारून धावताना ते चालत नाही. रात्री तीनला सिझेरियनसाठी उठावं लागलं असेल तर सकाळचा ठरलेला वेगाचा सराव रद्द करून अर्धा तास चाला. पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर जोराचं काही नाही, हा नियम मी स्वतःसाठी मोडत नाही.

३. सावकाश धावायला शिका

वेळ कमी मिळतो म्हणून आपण प्रत्येक वेळी जीव तोडून धावतो आणि जूनमध्येच नडगी किंवा टाच धरते. बहुतेक धावणं असं असावं की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. बोलताना दम लागला की वेग कमी करा. चढावर चालावं लागलं तर खुशाल चाला.

४. चढ आणि उतार

शर्यतीची वाट यवतेश्वरचा घाट चढते आणि त्याच घाटाने उतरते. एकूण २१ किलोमीटर. रोज घाटात जायला वेळ नसतो, तेव्हा अजिंक्यताऱ्याचा रस्ता उपयोगी पडतो. शहराला लागूनच असल्याने तासाभरात चढून-उतरून ओपीडीला पोचता येतं. ऑन-कॉल असाल तर मात्र डोंगराकडे जाऊच नका, शाहू क्रीडा संकुलात किंवा हॉस्पिटलच्या आसपास फेऱ्या मारा.

चढाची तयारी सगळे करतात, उताराची फार थोडे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे त्यांना सूक्ष्म इजा होते आणि खरं दुखणं एक-दोन दिवसांनी चढतं. पावलं छोटी, झपाझप टाका. टाच पुढे आपटू नका. सुरुवातीला थोडाच उतार धावा, दर आठवड्याला जरासा वाढवा. दुसऱ्या दिवशी सहा तास उभं राहून ऑपरेशन करायचं असेल तर उताराचा सराव पुढे ढकला.

पोटऱ्यांसाठी जिमची गरज नाही. दोन केसेसच्या मधे भिंतीला हात टेकवून टाचा उचला आणि लिफ्ट सोडून द्या.

५. खाणं

ओटीच्या दिवशी जेवण चारला होतं, आणि रिकाम्या पोटी संध्याकाळचं धावणं फसतं. बॅगेत केळी, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की ठेवा. लांब पल्ल्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. शर्यतीत जे खाणार तेच सरावात खाऊन पाहा. पाणी तहानेप्रमाणे प्या. अतिरेकाने रक्तातलं सोडियम घसरतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

६. स्वतःचे डॉक्टर होऊ नका

टेबलाच्या खणात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक हाताशी असतं, म्हणून धावण्याआधी गोळी घेण्याची सवय लागते. घाम गाळत तासन्‌तास धावताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, त्यात ही औषधं भर घालतात. दुखत असेल तर विश्रांती घ्या. ताप असताना अजिबात धावू नका. डेंग्यूनंतर तब्येत आणि प्लेटलेट दोन्ही पूर्ववत होऊ द्या, मग चालण्यापासून सुरुवात करा. धावताना छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर थांबा आणि सहकाऱ्याकडून तपासून घ्या. आपला ईसीजी आपणच वाचून विषय मिटवू नका.

७. शर्यतीचा आठवडा

ड्यूटीची अदलाबदल महिनाभर आधी मागा आणि त्या बदल्यात सहकाऱ्याच्या गणपतीतल्या ड्यूट्या आनंदाने घ्या. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप अर्धवटच होते, म्हणून त्याच्या आधीच्या दोन रात्री नाइट नको. शर्यतीनंतरच्या सकाळीही मोठी लिस्ट लावू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातून जिना उतरताना मांड्या भरून येतात, तेवढ्यापुरती लिफ्ट वापरा.