न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि कर्दळ

न्हाणीचं पाणी पाचोळ्यानं भरलेल्या खड्ड्यात सोडायचं आणि त्याच्या काठावर केळी, कर्दळ लावायची. त्यासाठी आधी जमीन तपासा. फूटभर खोल चाचणीचा खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा तासाभरात इंचभरही पाणी उतरलं नाही, तर मुख्य खड्डा उथळ आणि जास्त रुंद ठेवावा लागेल. काळ्या मातीत असंच होतं. जांभ्या जमिनीत पाणी झटकन जिरतं. विहिरीपासून किमान ५० फूट लांबची जागा घ्या.

आता दोन मीटर व्यासाचा, पाऊण मीटर खोल खड्डा खणा आणि निघालेल्या मातीचा काठाभोवती वरंबा घाला. तळाशी जाड फांद्या, वर काटक्या, नारळाच्या झावळ्या, पालापाचोळा खच्चून भरा. वरंब्यावर केळीचे चार मुनवे (बुंध्यापाशी फुटलेली पिल्लं) आणि मधल्या जागेत कर्दळीचे कंद लावा.

पाइपाचं तोंड पाचोळ्याखाली सोडा. उघड्यावर साचलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून हे टाळू नकाच. वाटेत जाळीची छोटी टाकी हवी: केस आणि कपड्यांचे धागे अडले नाहीत तर खड्डा तुंबतो. जाळी दर आठवड्याला धुवा. पाणी टाकीत साठवून ठेवू नका, दिवसभरात कुजून वास मारतं.

धुण्याच्या सोड्यातलं सोडियम काळ्या मातीला घट्ट करतं आणि निचरा बंद पडतो. ब्लीच तर या पाण्यात अजिबात नको. संडासाचं पाणी इथे आणू नका.

पाचोळा बसत जातो, वरून भर घालत राहा. पावसाळ्यासाठी वरंब्याला जादा पाणी बाहेर जायला एक सांडवा ठेवा.