सामाईक डिस्क आणि भाऊबंदकी : घरातली व्हर्च्युअलायझेशन लॅब

‘सामाईक’ शब्द ऐकला की कोकणातला माणूस आधी सातबारा आठवतो आणि मग वकील. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणं. अशा घरातल्या लॅबमध्येही खरी कटकट सामाईक डिस्कचीच आहे. बाकी सगळं एका रविवारात उरकतं.

सामान : ऑफिसांतून निघालेले दोन जुने छोटे पीसी, प्रत्येकी १६ जीबी रॅम. मुंबईला लॅमिंग्टन रोडला फेरी झाली तर तिथून घ्या. साठ्यासाठी तिसरा जुना डेस्कटॉप, त्यात सारख्या मापाच्या दोन हार्ड डिस्क. एक गिगाबिट स्विच आणि केबली. वायफायवर हे करू नका. जांभ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल माजघरापर्यंत पोचला तरी खूप. मशीन समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका, खाऱ्या वाऱ्याने पिना हिरव्या पडतात. वापरात नसलेलं मशीनही पावसाळ्यात अधूनमधून चालू करा, बंद पेटीत दमट हवा जास्त मुरते.

बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा. दोन्ही पीसींवर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवायची प्रणाली) टाका. ते फुकट आहे, डेबियन या लिनक्सवर उभं आहे आणि आत केव्हीएम हे व्हीएम चालवणारं इंजिन आहे. दोघांना कायमचे आयपी द्या, ब्राउझरमधून ८००६ पोर्टवर शिरा आणि दोघांचा क्लस्टर (एकत्र चालणारा गट) जोडा. जोडायला येणारा दुसरा पीसी रिकामा हवा, त्याच्यावर आधीच व्हीएम असेल तर तो जोडूनच घेत नाही.

आता साठा. इथे मी दोन आठवडे घालवलेत.

इंटरनेटवरचा अर्धा सल्ला ‘आय-स्कझी (नेटवर्कवरून डिस्क द्यायची पद्धत) वापरा, तेच प्रोफेशनल’ असा असतो. मी वापरलं. साठ्याच्या मशीनवरून एक डिस्क नेटवर्कवर दिली, पहिल्या पीसीवरून ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमने (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीने) फॉरमॅट केली आणि दोन्ही पीसींवर माउंट केली, म्हणजे वापरायला उघडली. कुणीही अडवलं नाही, एरर नाही, काही नाही. एकावर बनवलेली फाइल दुसऱ्यावर दिसेना, तेव्हा वाटलं थोडा उशीर होत असेल. दोन दिवसांनी डिस्क तपासायला लावली तर निम्म्या फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये, नावाऐवजी नुसते आकडे.

झालं काय होतं? आय-स्कझी फक्त डिस्कचे ब्लॉक वाहून नेतं. आत कुणी काय लिहिलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि ईएक्सटी४ धरूनच चालतं की या डिस्कचा मालक मी एकटा. कुठली जागा रिकामी, कुठली भरलेली, याची नोंद ते आपल्या रॅममध्ये ठेवतं आणि परत डिस्कला विचारायला जात नाही. म्हणजे एका जमिनीवर दोन भाऊ, तलाठ्याकडे न जाता दोघेही आपापल्या घरच्या वहीत फेरफार लिहितायत. एकाने रिकामा समजून जिथे कुंपण घातलं, तिथे दुसऱ्याचे आंबे आहेत. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमचंही तेच. याच्यासाठी वेगळ्या क्लस्टर फाइल सिस्टिम असतात, जीएफएस२, ओसीएफएस२ वगैरे, पण पहिल्या लॅबमध्ये त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सरळ एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत) घ्या. यात फाइल सिस्टिमचा मालक एकच, साठ्याचं मशीन. बाकीचे त्याच्याकडे मागतात, तो देतो. तलाठी एक, वही एक. साठ्यावर डेबियन टाका, दोन डिस्कांचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) करा आणि एक फोल्डर एनएफएसने त्या दोन आयपींनाच उघडं करा. ‘नो रूट स्क्वॉश’ (मुख्य वापरकर्त्याचे अधिकार काढून न घेण्याचा पर्याय) लावायला विसरलात तर प्रॉक्समॉक्स परवानगी नाही म्हणून रडेल. मग प्रॉक्समॉक्सच्या डेटासेंटरमध्ये स्टोरेज, ॲड, एनएफएस. डिस्क इमेज ठेवायला मुभा द्या आणि इमेज क्यूकाऊ२ प्रकारची ठेवा, म्हणजे स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती, जिथे परत जाता येतं) घेता येतात.

आणि ‘सिंक’, म्हणजे डिस्कवर खरंच लिहून झाल्यावरच साठ्याने ‘लिहिलं’ म्हणणं. हार्ड डिस्कवर सिंक लावलं की लिहिणं रखडतं, मग कुणीतरी सांगतं ‘असिंक कर, वेग बघ’. वेग वाढतोच, कारण असिंकमध्ये साठा डिस्कवर लिहिण्याआधीच ‘लिहिलं’ म्हणून सांगून मोकळा होतो. तेवढ्यात लाइट गेली की व्हीएमच्या समजुतीत डेटा आहे आणि डिस्कवर नाही. पुण्यात बसून असिंक लावा हवं तर. जून ते सप्टेंबर आमच्याकडे लाइट जाते ती विचारून जात नाही. माउंटही ‘हार्ड’च असू द्या. ‘सॉफ्ट’मध्ये साठा थोडा वेळ गप्प झाला तरी व्हीएमला थेट एरर मिळते, हार्डमध्ये ती निमूट वाट बघते.

यूपीएस हवाच, पण माझी दुसरी फजिती ऐका. तिन्ही मशीन यूपीएसवर होती आणि स्विच भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. लाइट गेली, सगळे पंखे गरगरतायत, आणि साठा मात्र कुणालाच दिसेना. आधी स्विच यूपीएसला लावा, मग बाकीचं. यूपीएस काम चालू ठेवायला नसून नीट बंद करायला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडाकडे दिवसचे दिवस लाइट नव्हती. त्याला कुठली बॅटरी पुरणार? बंद करताना आधी व्हीएम, मग दोन्ही पीसी, शेवटी साठा. चालू करताना उलट.

क्लस्टर बहुमताने चालतो. दोन पीसींच्या क्लस्टरमध्ये मतं दोन, बहुमतालाही दोन लागतात. एक बंद पडला की दुसरा नवीन व्हीएम चालूच करत नाही. तिसरं मत साठ्याच्या मशीनवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा छोटा प्रोग्राम) टाकून द्या. दहा मिनिटांचं काम.

मग मजा. व्हीएमला पिंग (ती जागी आहे का ते सतत विचारणारी आज्ञा) लावून ठेवा आणि चालू असतानाच ती दुसऱ्या पीसीवर मायग्रेट करा, म्हणजे हलवा. डिस्क जागची हलत नाही, फक्त रॅम पलीकडे जाते. दोन्ही पीसींचे प्रोसेसर वेगवेगळ्या पिढीचे असतील तर सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ (त्या पीसीचा प्रोसेसर जसाच्या तसा) ठेवू नका, नाहीतर व्हीएम पलीकडे जाऊन कोलमडते.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलं तर दोन्ही डिस्कांवरून एकदमच पुसलं जातं. माझी बॅकअपची डिस्क आठवड्यातून एकदा लागते, बाकी वेळ घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, पापडांच्या शेजारी.