मुक्त विद्यालयाच्या वर्गात नियम कसे ठरवावेत

मुक्त विद्यालयातून दहावी द्यायला आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींनी नियमांच्या पाट्या भरपूर पाहिल्या आहेत. बऱ्याच जणांची शाळा त्या पाट्यांखालीच सुटली. त्यामुळे पहिल्या दिवशी नियम वाचून दाखवू नका. आठवडाभर जाऊ द्या, एकमेकांची नावं तोंडात बसू द्या, मग 40 मिनिटं काढून बसा.

दोन प्रश्न विचारा: आधीच्या शाळेत काय नकोसं व्हायचं? इथं शिकायला काय लागेल? पहिल्याचं उत्तर चारचौघांत मागू नका, चिठ्ठीवर घ्या. लिहिता न येणाऱ्याशी बाजूला बसून बोला. अहिराणी, भिली, पावरी, ज्या भाषेत उत्तर येईल त्याच शब्दांत ते उतरवून घ्या. 'शुद्ध' केलं की मूल गप्प होतं.

त्यातून पाचच नियम काढा, आणि काय करायचं ते सांगणारे. 'गोंधळ करू नये' याऐवजी 'एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात'. 'उशीर चालणार नाही' याऐवजी 'उशीर होणार असेल तर निरोप द्यायचा, आल्यावर सरळ आत येऊन बसायचं'. प्रत्येक नियमासमोर दुसरा रकाना हवाच: यात शिक्षक काय करतील. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं पहाटेपासून वावरात असतात. तेव्हा सकाळी आठचा वर्ग ठेवून वक्तशीरपणा मागणं हा अन्याय आहे. वर्ग संध्याकाळी घ्या. हा रकाना रिकामा राहिला की पाचही नियम कागदावर राहतात.

नियम मोडला तर? समजा, गणित अडलं आणि एकाने वही भिरकावली. वर्गासमोर ओरडू नका. त्याच्या समोर नाही, बाजूला, हातभर अंतर ठेवून उभे राहा आणि हळू आवाजात विचारा, "काय व्हयनं भाऊ?" उत्तर आलं नाही तरी चालेल. पाणी प्यायला, बाहेर निंबाखाली बसायला दहा मिनिटं द्या. कापसाच्या बोंडांनी बोटं सोलली असतील, सकाळपासून पोटात काही नसेल, हे आधी पाहा. शांत झाल्यावर तीनच गोष्टी विचारा: काय झालं, कुणाला त्रास झाला, आता ते कसं नीट करशील. विषय त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी उकरू नका.

वडिलांना लगेच बोलावणं ही नेहमीची चूक. घरी मार बसतो आणि पोरगं परत येत नाही. दंड, वर्गाबाहेर उभं करणं, शिक्षा म्हणून झाडू मारायला लावणं हेही नको. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे. तो कायदा 6 ते 14 वयोगटासाठी असला तरी सोळा वर्षांच्या मुलालाही तितकंच लागतं.

मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर तो वर्तनाचा प्रश्न उरत नाही. पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

दर महिन्याला पाटी पुन्हा वाचा. अर्ध्या वर्गाला एखादा नियम पाळता येत नसेल, तर नियमच बदला. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांची नावं पटावरून काढू नका. जाताना वही-पुस्तकं सोबत द्या, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास ती परतली की नियम त्यांच्यासोबत नव्याने ठरवा.