ग्रामीण रुग्णालयात अत्याचारपीडितांच्या तपासणीसाठी दूरस्थ तज्ज्ञसाहाय्य कसे उभारावे

लैंगिक अत्याचार झालेली बाई तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येते, तेव्हा तिला बहुधा पहिली भेटते ती रात्रपाळीची सिस्टर. अशी केस त्या सिस्टरने क्वचितच हाताळलेली असते, ड्यूटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही पुराव्यासाठीचे नमुने कोणत्या क्रमाने घ्यावेत याची खात्री नसते, आणि मग आपल्या हातून काही चुकू नये या धास्तीने ‘जिल्ह्याला न्या’ अशी चिठ्ठी लिहिली जाते. त्या चिठ्ठीची किंमत ती बाई मोजते. अंगावर तेच कपडे ठेवून तिला दोन-तीन तासांचा प्रवास करावा लागतो, वाटेत पाणी पिणे, तोंड धुणे, लघवीला जाणे चुकत नाही, आणि प्रत्येक वेळी थोडा थोडा पुरावा पुसला जातो. बाईला तज्ज्ञाकडे धाडण्याऐवजी तज्ज्ञाला व्हिडिओवरून तिच्या खोलीत आणता येते, आणि ही चिठ्ठी लिहिण्याची वेळच येऊ नये यासाठी ही व्यवस्था उभारायची आहे.

अमेरिकेत न्यायवैद्यक शुश्रूषेचे, म्हणजे उपचारासोबत न्यायालयासाठी पुरावा जपण्याचे, प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका अशी तपासणी स्वतः करतात. मात्र त्या बहुतांशी शहरांत असल्याने लहान रुग्णालयांतल्या परिचारिकांना पडद्यावरून साथ देण्याची पद्धत तेथे रुजली. मॅसॅच्युसेट्समधील राष्ट्रीय टेलिनर्सिंग केंद्राला २०१२ मध्ये केंद्रीय निधी मिळाला, तर पेनसिल्व्हेनियात पेन स्टेट विद्यापीठाने ग्रामीण रुग्णालयांसाठी असेच केंद्र चालवले. आपल्याकडे तो नमुना जशाच्या तसा उचलता येणार नाही, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ नुसार तपासणीची जबाबदारी नोंदणीकृत डॉक्टरची आहे. म्हणून आपल्या व्यवस्थेत पडद्यावर दोघांची गरज असते: डॉक्टरला आधार देणारा न्यायवैद्यक किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सिस्टरला आधार देणारी अनुभवी परिचारिका. माझ्या मते दुसरी व्यक्ती अधिक महत्त्वाची आहे, कारण बाईजवळ सर्वाधिक वेळ सिस्टरच असते.

सुरुवात यंत्रापासून करू नये, माणसांपासून करावी. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी किंवा जिल्हा रुग्णालयाशी बोलून चोवीस तासांची पाळीयादी ठरवावी आणि सर्वांसाठी एकच क्रमांक ठेवावा. रात्री दोन वाजता चार जणांना फोन लावत बसावे लागले, तर पुढच्या केसला कोणी फोनच करणार नाही आणि पुन्हा ती चिठ्ठी लिहिली जाईल. २०२० च्या टेलिमेडिसिन (दूरस्थ वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनुसार सल्ला मागणारा डॉक्टरच रुग्णाचा उपचारकर्ता राहतो. त्यामुळे अहवालावर सही प्रत्यक्ष तपासणाऱ्याचीच हवी आणि पडद्यावर कोण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत होते याची केसपेपरवर नोंद हवी. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या, कायद्याच्या कलम २७ नुसार तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. पडद्यावर महिला डॉक्टर आहे म्हणून ही अट पुरी झाली असे मानू नये.

साहित्य फार लागत नाही. दार आतून बंद होणारी खोली, आडोशाचा पडदा, स्टँडवर बसवलेला टॅब्लेट, सिस्टरसाठी इअरफोन आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे एवढ्यावर भागते. नेटवर्क गेले, तर साध्या फोनवर काम पुढे चालू ठेवायचे, हेही आधीच ठरलेले असावे. इअरफोनचा आग्रह अशासाठी, की तज्ज्ञाच्या सूचना फक्त सिस्टरच्या कानात पडाव्यात. ‘तिथली जखम दाखवा’ हे शब्द त्या बाईला ऐकावे लागू नयेत. कॅमेऱ्याचा रोख नमुन्यांच्या ट्रेवर आणि सिस्टरच्या हातांवर असावा. जखम दाखवणे गरजेचे वाटले, तर त्या वेळी पुन्हा विचारून, तेवढ्यापुरताच तो वळवावा. ध्वनिचित्रमुद्रण करू नये आणि एकही छायाचित्र कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये. पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

संमती घेताना घाई करू नये. उपचार, तपासणी, नमुने, पोलिसांना माहिती आणि व्हिडिओवरील तज्ज्ञ या पाचही गोष्टी वेगवेगळ्या समजावून सांगाव्यात आणि प्रत्येकीला वेगळे हो किंवा नाही म्हणण्याची मोकळीक द्यावी. ‘ताई, पडद्यावर जिल्ह्याच्या मॅडम आहेत. त्यांना फक्त माझे हात दिसतील. तुम्हाला नको असेल तर मी आत्ता बंद करते,’ असे साध्या शब्दांत सांगून बंद करण्याचे बटण तिला प्रत्यक्ष दाखवावे. तिने व्हिडिओ नाकारला, तर डॉक्टरने बाहेर जाऊन फोनवर सल्ला घ्यावा. एफआयआर झालेला नाही म्हणून तपासणी अडवू नये, आणि उपचार तर कोणत्याही कारणाने नाकारता येत नाहीत. ‘टू फिंगर टेस्ट’ (योनीत दोन बोटे घालून केली जाणारी चाचणी) सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा निःसंदिग्धपणे निषिद्ध ठरवली आहे. जुन्या सवयीने कोणी तिचा उल्लेख केलाच, तर पडद्यावरच्या तज्ज्ञाने तिथेच थांबवावे.

नमुन्यांच्या टप्प्यावर पडद्यावरची साथ सर्वाधिक उपयोगी पडते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घटनेपासून ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात. मात्र कोणते घ्यायचे, हे बाईने सांगितलेल्या हकिगतीवरून ठरते, छापील यादीवरून सरसकट ठरत नाही. एका प्रशिक्षणात आम्हाला एक जुने पाकीट दाखवले होते: ओला स्वॅब (नमुना टिपणारी कापसाची काडी) तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद केलेला आणि त्याच्या कापसावर करडी बुरशी चढलेली. कोणीतरी बाईने ती सगळी तपासणी सोसली होती, आणि हाती ती बुरशी आली होती. म्हणून तज्ज्ञाने येथे उतावीळ होऊ नये. स्वॅब स्टँडमध्ये उभा करून सावलीत, उन्हापासून आणि हीटरपासून दूर पूर्ण वाळवावा, वाळल्यावर कागदी पाकिटात घालावा, त्यावर क्रमांक, वेळ व सही घालावी, लाखेचे सील लावावे आणि ते सील कॅमेऱ्यासमोर धरून तज्ज्ञाला वाचून दाखवावे. कपडे वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा. पाकिटे पोलिसांकडे देईपर्यंत कुलूपबंद कपाटात राहावीत आणि किल्ली कोणाकडे होती हे रजिस्टरमध्ये असावे. अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे.

पुराव्याच्या नादात औषधे मागे पडतात, असे मला वारंवार जाणवते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली, तरी पाच दिवसांपर्यंत तिचा उपयोग होतो. म्हणून तज्ज्ञाने फोन उचलताच पहिला प्रश्न ‘घटनेला किती तास झाले?’ असा विचारावा आणि या औषधांचा साठा कपाटात आहे की नाही, हे मेट्रनने (मुख्य परिचारिकेने) दर महिन्याला तपासावे. त्याच दिवशी कोऱ्या स्वॅबवर पडद्यासह रंगीत तालीमही घ्यावी.

बाई घरी निघण्यापूर्वी तिला दोन दिवसांनी पुन्हा येण्याची वेळ द्यावी, कारण काही वळ उशिरा उमटतात. घरापासून रुग्णालय दूर असेल, तर पुढचे समुपदेशन व्हिडिओवरून होऊ शकते. मात्र त्यासाठी फोन कोणाचा, तो कधी तिच्या हातात असतो आणि दुसऱ्या कोणी उचलला तर सिस्टरने काय सांगायचे, हे तिलाच विचारून ठरवावे. ‘रेशन कार्डासाठी फोन केला होता’ असे तिने सुचवले असेल, तर सिस्टरने नेमके तेच म्हणावे आणि पुन्हा कधी फोन करायचा, ती वेळही तिनेच सांगितलेली असावी.