धर्मप्रांतातलं फुकट काय ते असं शोधा

बायबल वर्ग, समुपदेशन, रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाचं शिबिर) यासाठी लोक पैसे मोजून लांब जातात. आपल्याच धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या कॅथलिक चर्चच्या विभागात, काय चालतं ते ठाऊक नसतं. वसईसारख्या ठिकाणी तर बरंच काही मराठीतूनच असतं.

१. धर्मप्रांताच्या संकेतस्थळावर ‘कमिशन्स’ हे पान उघडा. कुटुंब, युवा, बायबल असे विभाग तिथे सापडतात. ‘बातम्या’ बहुधा शिळ्या, त्यात वेळ घालवू नका.

२. रविवारच्या मिस्साच्या (चर्चमधल्या सामूहिक उपासनेच्या) शेवटी सूचना होतात तेव्हाच निम्मी मंडळी पार्किंगकडे पळते. तुम्ही थांबा. बाहेरच्या फलकाचा, कोपऱ्यात टाचणीने लावलेल्या चिठ्ठ्यांसकट, फोटो काढा.

३. उपवासकाळाआधी (ईस्टरपूर्वीचे साधारण चाळीस दिवस) चर्चच्या ऑफिसात विचारा. प्रवचनमाला तेव्हाच ठरतात.

निवासी रिट्रीटला जेवणाखाण्याचे पैसे पडू शकतात, आधी विचारा.