परजीवी वाढत नाहीये? आधी मीडियमचं लेबल वाचा

रेटिनल ऑर्गनॉइड, म्हणजे मूलपेशींपासून वाढवलेली रेटिनाची (डोळ्याच्या पडद्याची) छोटी प्रतिकृती, परिपक्व व्हायला महिनोन्‌महिने लागतात. अखेर त्यावर टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी सोडायचा दिवस येतो आणि आठवडाभरात परजीवी मावळतो. सगळे स्ट्रेनला (परजीवीच्या वाणाला) दोष देतात. मी मात्र आधी मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, काय काय घातलंय ते विचारतो.

मायकोप्लाझ्मा (पेशींच्या कल्चरमध्ये शिरणारे जिवाणू) घालवण्यासाठी वापरलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा जनुक चालू करण्यासाठी घातलेलं डॉक्सिसायक्लिन परजीवीच्या एपिकोप्लास्टवर, म्हणजे त्याच्या पेशीतल्या एका आवश्यक अंगकावर, मारा करतं. यातली फसवणूक अशी, की पहिल्या पेशीत परजीवी मजेत वाढतो आणि पुढच्या पेशीत शिरल्यावर ढेपाळतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांचे सुंदर फोटो पाहून हुरळून जाऊ नका. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचा त्याला त्रास नाही. टॉक्सोप्लाझ्मावरचं सल्फाडायझिन हे औषध तपासत असाल तर आरपीएमआय 1640 हे मीडियम टाळा. त्यातल्या पॅराअमायनोबेन्झोइक आम्लामुळे औषध उगाच लेचंपेचं वाटतं.

मीडियमचा रंगही बघत जा. तो गुलाबी-जांभळा झाला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी पडून पीएच चढलाय. 8.1 च्या आसपासचा पीएच तर टॅकिझोइटचे (परजीवीच्या वेगाने वाढणाऱ्या रूपाचे) ब्रॅडिझोइट (सुस्त रूप) करण्यासाठी मुद्दाम वापरतात. वाढ मंदावली की एसएजी1 (टॅकिझोइटची खूण) आणि बीएजी1 (ब्रॅडिझोइटची खूण) ही दोन्ही प्रथिनं तपासा; परजीवी मेला नसून रूप पालटून बसलेला असू शकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ऑर्गनॉइडला डोळा समजणं. डोळ्यात टॉक्सोप्लाझ्मा रक्तातून येतो, म्हणजे रेटिनाच्या आतल्या थरांतल्या रक्तवाहिन्यांकडून. ऑर्गनॉइडमध्ये प्रकाशग्राही पेशी बाहेरच्या कडेला असतात आणि आपण परजीवी बाहेरूनच ओततो. साहजिकच पहिली गाठ प्रकाशग्राही पेशींशी पडते. एवढ्यावरून ‘परजीवीला याच पेशी आवडतात’ असं लिहिलं, तर ती आवड परजीवीची नसून आपल्या पिपेटची असते. मानवी रेटिनाच्या तुकड्यांवरच्या कामात म्यूलर पेशींना (रेटिनातल्या आधार देणाऱ्या पेशींना) जास्त लागण झालेली दिसली आहे. ऑर्गनॉइड कापून आतली बाजू उघडी करा, किंवा पेशी सुट्या करून पसरलेल्या थरावर तोच प्रयोग पडताळा. शिवाय मायक्रोग्लिया (रेटिनातल्या रोगप्रतिकारक पेशी) आणि रक्तवाहिन्या यात सहसा नसतात, तेव्हा दाहाबद्दल बोलताना जरा जपून. आणि ऑर्गनॉइडचा गाभा आधीच मेलेला असेल तर त्याचं खापर परजीवीवर फोडू नका.

म्हणूनच कंट्रोल नुसता ‘न लागण झालेला’ असून भागत नाही. टॅकिझोइट फायब्रोब्लास्ट या संयोजी ऊतीच्या पेशींमध्ये वाढवलेले असतात, त्यांच्यासोबत फुटलेल्या पेशींचा गाळही येतो. त्याच गाळाचं परजीवीविरहित द्रावण त्याच वयाच्या ऑर्गनॉइडवर घाला. दोन ऑर्गनॉइड सुटे करून पेशी मोजा, नाहीतर डोस म्हणजे नुसता अंदाज. मोजलेले सगळे परजीवी जिवंत असतात असंही नाही. सोबत प्लाक चाचणी लावा; जिवंत परजीवींनी पेशींच्या थरात पाडलेली भोकं तीत मोजतात. पीसीआर तर मेलेल्यांचा डीएनएही मोजतो.

अकॅन्थमीबासाठी (डोळ्याच्या कॉर्नियाला लागण करणाऱ्या अमीबासाठी) कॉर्नियाच्या पेशींचा थर वापरत असाल तर दुखणं वेगळं. हवेच्या संपर्कात वाढवलेल्या थरावर भरपूर द्रव ओतला की तो थर बुडतो आणि प्रयोगाचा अर्थच बदलतो. थोडक्या थेंबात अमीबा सोडा. अखंड थरावर तो नीट चिकटत नाही म्हणून निराश होऊ नका, हलका ओरखडा काढून पाहा. तरीही चिकटत नसेल तर पॅसेजची, म्हणजे अमीबा किती वेळा नव्या मीडियममध्ये हलवला त्याची, नोंद काढा: वर्षानुवर्षं पेशीविरहित मीडियममध्ये पोसलेल्या अमीबाची रोग घडवण्याची ताकद ओसरते. फ्रीझरमधली जुनी कुपी काढा आणि दोन्ही शेजारीशेजारी लावा.