बेंचमार्क घ्या, पण परवाना कोणाच्या नावावर ते आधी ठरवा

स्वयंसेवकांच्या कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) प्रकल्पासाठी ‘स्पेक सीपीयू २०१७’ हा बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचा स्पेक या संस्थेचा संच, विकत घेताना किमतीपेक्षा परवान्याची घासाघीस जास्त होते. ना-नफा आणि शैक्षणिक संस्थांना कमी दर असतो, म्हणून प्रकल्पाची नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्याच नावाने अर्ज करा. घरोघरी बसून काम करणारे स्वयंसेवक मात्र त्या संस्थेचे नोकर नसतात. त्यांना एकाच सर्व्हरवर लॉगिन देऊन चाचण्या चालवता येतील का, हे पैसे भरण्याआधी स्पेकला ईमेलवर लेखी विचारून घ्या. फोनवरच्या होकारावर विसंबू नका.

बेंचमार्कचा सोर्स (मूळ कोड) चुकूनही सार्वजनिक रेपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, टाकू नका. एलएलव्हीएम या खुल्या कंपायलर प्रकल्पाची पद्धत मला फार आवडते: त्यांच्या टेस्ट-सूटमधल्या (चाचण्यांच्या संचातल्या) ‘एक्स्टर्नल’ फोल्डरमध्ये स्पेकसाठी फक्त बिल्डच्या फाइली आहेत; ज्याच्याकडे स्वतःची प्रत आहे, त्याने तिचा पाथ द्यायचा. सीआयचे (कोड बदलला की आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेचे) लॉग सगळ्यांना उघडे असतील तर त्यांतही सोर्सच्या ओळी उमटत नाहीत ना, ते तपासा.

आकडे जाहीर करताना स्पेकचे नियम काटेकोर पाळले नसतील, तर शेजारी ‘अंदाजित’ असं स्पष्ट लिहावंच लागतं.